स्वस्त यंत्राची महाग थंडी

शाळेसाठी बाके घ्यायची असोत की कचेरीसाठी कपाटे, तीन ठिकाणची दरपत्रके मागवावीत, तुलनात्मक तक्ता करावा आणि सर्वांत कमी दराची शिफारस करून कागद वर पाठवावा, हा रिवाज आपल्या हाडीमासी खिळलेला आहे. त्याचे गुण थोडे नाहीत. त्यामुळे मर्जीतल्या माणसाला काम देण्यास थोडाफार आळा बसतो आणि लेखापरीक्षकापुढे मान ताठ ठेवता येते. ज्या कारकुनाने सर्वांत कमी दर सुचविला त्याला कोणी काही विचारीत नाही. ज्याने दुसऱ्या क्रमांकाचा सुचविला त्याला मात्र दोन पानी खुलासा लिहावा लागतो, आणि तो लिहूनही संशय उरतोच. बाकांच्या आणि कपाटांच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही, कारण बाक एकदा घेतले की ते काही खात नाही. यंत्र खाते. बाजारात बैल पारखणारा शेतकरीसुद्धा किमतीबरोबर त्याच्या वैरणीचा अंदाज घेतो. कोट्यवधी रुपयांची यंत्रसामग्री घेणाऱ्या आपल्या संस्था, बँका आणि सरकारी खाती मात्र वैरणीचा हिशेब पुढच्या वर्षीच्या वहीत टाकून मोकळ्या होतात.

या सवयीची किंमत जेथे सर्वांत अधिक मोजावी लागते, असा एक धंदा म्हणजे औद्योगिक शीतकरण. शीतगृहे, बर्फाचे कारखाने, दूधसंघांचे प्रकल्प, मासळी गोठविणारे कारखाने, हे सारे त्यात आले. २०२० पर्यंत देशात आठ हजारांहून अधिक शीतगृहे उभी राहिली होती आणि त्यांची साठवणक्षमता साडेतीन कोटी टनांच्या वर गेली होती. त्यांतील निम्म्याहून अधिक क्षमता उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या दोन राज्यांत, आणि ती मुख्यतः बटाट्यासाठी आहे. आपल्याकडे नाशिकची द्राक्षे, सांगली-तासगावचा बेदाणा, कोकणची मासळी यांचा व्यवहार थंडीवाचून चालत नाही. ही थंडी विजेवर निर्माण होते आणि ती वर्षानुवर्षे रात्रंदिवस निर्माण करावी लागते. तेव्हा तिचा खरा खर्च यंत्राच्या किमतीत शोधणे म्हणजे विहीर खणण्याच्या खर्चावरून जन्मभराच्या पाण्याचा हिशेब करण्यासारखे आहे.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक असले तरी त्यातले आकडे या धंद्यातील माणसाला अपरिचित वाटणार नाहीत. एका शीतगृहाला शंभर टन शीतनक्षमतेचा प्रकल्प हवा आहे. (हा ‘टन’ मालाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, ती काढून टाकण्याची ताकद म्हणजे शीतकरणाचा एक टन. यंत्रे बर्फाच्या बदली आली, त्या काळाची ही आठवण परिभाषेत राहून गेली आहे.) पहिल्या ठेकेदाराची निविदा १ कोटी २० लाखांची, दुसऱ्याची दीड कोटीची. दोघेही खोलीत शून्य अंश तापमान राखून देण्याची हमी देतात. पहिल्याच्या यंत्राला १२० किलोवॉट वीज लागते, दुसऱ्याच्या यंत्राला ९६. प्रकल्प वर्षाकाठी पूर्ण भाराच्या ५,००० तासांइतका चालतो असे मानले, तर पहिल्याला सहा लाख युनिटे लागतील आणि दुसऱ्याला चार लाख ऐंशी हजार. युनिटला नऊ रुपये धरले तर पहिल्याचे वीजबिल ५४ लाख आणि दुसऱ्याचे सुमारे ४३ लाख होते. जास्तीच्या तीस लाखांवर अकरा टक्क्यांनी वर्षाला ३ लाख ३० हजार व्याज गेले, तरी हाती साडेसात लाख उरतात. आणि याहूनही बोलका आकडा वेगळाच आहे. पंधरा वर्षांत पहिल्या यंत्राला आठ कोटी दहा लाखांची वीज लागेल, आणि तीही दर आजचाच राहिला असे धरून. म्हणजे ज्या १ कोटी २० लाखांवरून समितीच्या तीन तीन बैठका होतात, ती रक्कम एकूण खर्चाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढी. उरलेल्या सात हिश्श्यांचा निर्णय त्याच बैठकीत होऊन जातो, पण विषयपत्रिकेवर त्याचे नाव नसते.

दोन यंत्रांत हा फरक पडतो कशामुळे? येथे थोडे विज्ञानात शिरावे लागेल, पण त्यात अवघड काही नाही. शीतयंत्र थंडी तयार करीत नाही. ते उष्णता एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकते. ही एक प्रकारची मोटच आहे. मोटेला किती कष्ट पडतील हे पाणी किती काढायचे यावर जसे अवलंबून असते, तसेच विहीर किती खोल आहे यावरही असते. शीतयंत्राच्या विहिरीचा तळ म्हणजे खोलीतल्या कॉइलमध्ये अमोनिया ज्या तापमानाला उकळतो ते तापमान. आणि काठ म्हणजे बाहेरच्या कंडेन्सरमध्ये त्याचे पुन्हा पाणी होते ते तापमान. या दोहोंतील अंतर जितके अधिक तितकी वीज अधिक. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली उष्णतायंत्रांचा जो सिद्धान्त मांडला, त्यातून हे गणित निघते, आणि त्याला वळसा घालणे आजवर कोणाला साधलेले नाही. व्यवहारात हे अंतर एक अंशाने कमी केले की विजेत दोन-तीन टक्के बचत होते, असा ठोकताळा आहे.

आता विहीर उथळ करायची कशी? खोलीतली कॉइल मोठी घेतली, तर हवेत आणि अमोनियात थोड्या अंशांचा फरक असूनही तेवढीच उष्णता ओढून घेता येते. कॉइल लहान असेल तर तेच काम करण्यासाठी अमोनिया अधिक थंड ठेवावा लागतो, म्हणजे तळ खाली जातो. कंडेन्सरचेही असेच. तो प्रशस्त असेल तर काठ खाली येतो, तोकडा असेल तर वर चढतो. शून्य अंशाच्या खोलीसाठी एकाने उणे दहा आणि बेचाळीस अशी तापमाने धरली आणि दुसऱ्याने उणे सहा आणि छत्तीस धरली, तर एकाची विहीर बावन्न अंश खोल होते आणि दुसऱ्याची बेचाळीस. वरच्या उदाहरणातील पाचव्या हिश्श्याची बचत याच दहा अंशांतून येते. तीत कोणतेही गूढ तंत्रज्ञान नाही, परदेशी पेटंट नाही. आहे ते अधिक नळ्या, अधिक पत्रा आणि अधिक पृष्ठभाग. आणि निविदेत दर पाडायचा झाला की ठेकेदाराची कात्री नेमकी याच ठिकाणी चालते. कॉम्प्रेसरची बनावट आणि त्याची अश्वशक्ती ग्राहक डोळ्यांनी पाहतो, नाव विचारतो. कॉइलच्या चौरस मीटरांची चौकशी कोण करतो?

कंडेन्सरच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. नाशिक परिसरात एप्रिलच्या दुपारी हवा चाळीस अंशांच्या आसपास तापते. पण तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले तर तो वीस-बावीस अंशच दाखवतो. माठातले पाणी गार राहते त्याचे कारण हेच. नुसत्या हवेवर चालणारा कंडेन्सर अशा दुपारी पन्नास अंशांच्या घरात जातो, तर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा पस्तिशीच्या आसपास राहू शकतो. पंधरा अंशांची विहीर केवळ माठाच्या युक्तीने वाचते. असे असूनही लहान शीतगृहांचे मालक फ्रिऑन वायूची, हवेने थंड होणारी तयार यंत्रे घेतात. कारण ती स्वस्त पडतात, चटकन बसतात आणि त्यांना अमोनियासारखा जाणकार ऑपरेटर लागत नाही. पाण्याची टंचाई आणि बोअरच्या जड पाण्याने नळ्यांवर बसणारे क्षार, ही त्यांची तक्रारही खोटी नाही. क्षारांचा पापुद्रा बसला की मोठ्या कंडेन्सरची सारी मिजास उतरते. पाणी मऊ करण्याची सोय हीही म्हणून मूळ किमतीतच धरावी लागते, आणि दर पाडताना तीही गळते.

भिंतींविषयी थोडक्यात. काही जुन्या शीतगृहांत भाताचा तूस भरून उष्णतारोध केलेला असे. मग थर्माकोल आला, आता पफचे पॅनेल आले. जाडीत दोन-तीन सेंटिमीटर वाचविले तर ते उद्घाटनाच्या दिवशी कोणाला दिसत नाहीत. दाराशी हवेचा पडदा नसला, तरी तोही दिसत नाही.

आतापर्यंतचा हिशेब विजेचा झाला. परंतु तोकड्या कॉइलचा दंड मालालाही बसतो, आणि तो वीजबिलात कोठेच नोंदला जात नाही. कॉइल जितकी अधिक थंड तितकी हवेतली ओल तिच्यावर अधिक गोठते; खोली कोरडी पडते आणि ती आपली तहान मालातून भागविते. द्राक्षांना शून्याच्या आसपास तापमान आणि नव्वद टक्क्यांवर आर्द्रता लागते. ती मिळाली नाही तर मणी दिसायला शाबूत राहतो, पण देठ तपकिरी पडून सुकतो, आणि युरोपातला ग्राहक आधी देठ पाहतो. बटाट्याचे वजन घटते. शीतगृहाचा मालक भाडे घेतो ते साठवणुकीचे. घटलेले वजन शेतकऱ्याच्या पदरात जाते. म्हणजे ज्याने यंत्राची निवड केली नाही, ज्याला निविदा उघडली तेव्हा बोलाविले नाही, त्याच्या खिशातून त्या निवडीची भरपाई होत राहते.

आपल्या व्यवस्थेचे खरे दुखणे येथे आहे. निर्णय घेणारा एक, पैसे भरणारा दुसरा आणि नुकसान सोसणारा तिसरा. सल्लागाराचे मानधन बहुधा प्रकल्पखर्चावर ठरते, वीजबचतीवर नव्हे. ठेकेदाराची परीक्षा होते ती खोली ठरलेल्या तापमानाला पोचली की नाही, एवढ्यावरच. बँक कर्ज मंजूर करताना तारण पाहते. पंधरा वर्षांचे वीजबिल हेही एक प्रकारचे कर्जच आहे, हे तिच्या नमुना अर्जात कोठे लिहिलेले नसते. सहकारी संस्थेत तर आणखी एक गंमत असते. यंत्र घेणारे संचालक मंडळ पाच वर्षांचे, आणि यंत्र वीस वर्षांचे. आपल्या कारकिर्दीत प्रकल्प कमी पैशात उभा केला हे अहवालात छापता येते. पुढच्या मंडळाच्या काळात वाचणाऱ्या युनिटांचा हार आजच्या अध्यक्षाच्या गळ्यात कोणी घालीत नाही.

सरकारी हिशेबात ही फाळणी अधिकच पक्की आहे. भांडवली खर्च हे एक शीर्ष आणि महसुली खर्च हे दुसरे. यंत्र पहिल्यातून घ्यायचे, वीज दुसऱ्यातून भरायची. एका शीर्षाखाली तीस लाख अधिक घालून दुसऱ्याखाली दर वर्षी अकरा लाख वाचविण्याची सूचना करणारा अधिकारी पहिल्या शीर्षाच्या दृष्टीने उधळ्या ठरतो, आणि दुसऱ्या शीर्षाला त्याचे नावही ठाऊक नसते.

अनुदानाच्या योजनांनीही हा कल फारसा बदललेला नाही. २०१४ पासूनच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात शीतगृहांना सर्वसाधारण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि डोंगराळ भागात ५० टक्के, कर्जाशी निगडित अनुदान देण्याचे सूत्र ठरले. हा खर्च दर टन साठवणुकीमागे ठरविलेल्या मर्यादेपर्यंतच ग्राह्य धरला जातो. मर्यादा हवीच, नाही तर खर्च फुगविण्याला अंत राहणार नाही. पण तिचा परिणाम असा होतो, की मर्यादेच्या आतल्या रुपयावर सरकारचा वाटा मिळतो आणि कॉइल मोठी करण्यासाठी मर्यादेबाहेर घातलेला रुपया मालकाचा एकट्याचा राहतो. राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाने २०१० साली शीतगृहांची तांत्रिक मानके प्रसिद्ध केली. माल भरण्याच्या काळातला, तो थंड करण्याच्या काळातला आणि नुसता टिकविण्याच्या काळातला उष्णताभार त्यांत वेगवेगळा मांडायला सांगितला, हे चांगलेच झाले. कारण वर्षातला बराच काळ यंत्र अर्ध्या-पाव भारावर चालते आणि ढिसाळ रचनेचा कॉम्प्रेसर निम्म्या भारालाही निम्म्याहून बरीच अधिक वीज खातो. परंतु अर्जात आकडे भरून घेणे निराळे, आणि तीन वर्षांनी जाऊन टनामागे किती युनिटे लागली हे विचारणे निराळे.

मग घरगुती फ्रिजसारखे शीतगृहांवरही तारे चिकटवावेत, असे कोणी सुचवील. घरच्या फ्रिजचा अनुभव खरोखर उत्साहवर्धक आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत, प्रथम कॅलिफोर्नियाने आणि पुढे केंद्र सरकारने, फ्रिजच्या वीजवापराला कायद्याने मर्यादा घातल्या. १९७० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला सुमारे १,८०० युनिटे खाणारा सरासरी फ्रिज शतक संपता संपता ५०० च्या आसपास आला, आणि तोही आकाराने मोठा होऊन. किमती भडकतील ही कारखानदारांची भीती खरी ठरली नाही. आपल्याकडे ऊर्जा संरक्षण कायदा २००१ साली झाला, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ मध्ये स्थापन झाला आणि २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर तारे सक्तीचे झाले. आज मध्यमवर्गीय गृहिणी दुकानात तारे मोजते. पण फ्रिज साच्यातून निघतो. एक तपासला की लाखाची परीक्षा होते. शीतगृहाचा प्रकल्प जागेवर जुळवावा लागतो. कॉम्प्रेसर एकाचा, कॉइल दुसऱ्याची, नळ तिसऱ्याने जोडलेले. प्रत्येक सुटा भाग उत्तम असूनही त्यांची मोट वाईट बांधली जाऊ शकते. त्यामुळे येथे ताऱ्यांचा उपयोग मर्यादितच राहणार.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की स्वस्त यंत्र घेणारा प्रत्येक जण अडाणी किंवा अप्रामाणिक आहे. तसे मानणे अन्यायाचे होईल. वरचाच हिशेब पुन्हा घ्या. हाच प्रकल्प फक्त द्राक्षांच्या हंगामापुरता, फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे फार तर दीड हजार तास चालणार असेल, तर वर्षाची बचत सव्वातीन लाखांच्या आत येते आणि जास्तीच्या भांडवलाचे व्याजच तेवढे होते. अशा ठिकाणी वीजबिलापुरते पाहिले तर साधे, स्वस्त यंत्र घेणाराच शहाणा. ‘महाग तेच चांगले’ हा नियम ‘स्वस्त तेच चांगले’ या नियमाइतकाच आंधळा आहे, आणि कार्यक्षमतेच्या नावाखाली नको ते स्वयंचलित खेळ गळ्यात मारणारे विक्रेतेही बाजारात कमी नाहीत. प्रश्न तासांचा आहे, दराचा आहे, व्याजाचा आहे. म्हणजेच गणित मांडण्याचा आहे. ते गणित न मांडताच निर्णय होतो, ही तक्रार आहे.

भांडवल मिळत नाही, हीही अडचण खरीच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्यकुमार रेड्डी यांनी १९९१ साली ऊर्जाबचतीच्या मार्गातील अडथळ्यांची फार मार्मिक वर्गवारी केली होती. वीज वाचविणे फायद्याचे असूनही माणसे ती का वाचवीत नाहीत, याचे उत्तर त्यांनी स्वभावदोषात शोधले नाही. काहींना माहिती नसते, काहींना पहिली किंमत झेपत नाही, काहींच्या एकूण खर्चात विजेचा वाटा इतका लहान असतो की त्यांना फिकीर वाटत नाही, काहींना यंत्र मिळविण्याची-बसविण्याची यातायात निभत नाही, काहींना उद्याच्या दरांचा भरवसा नसतो. आणि काहींच्या वाट्याला दुसऱ्याने घेतलेले यंत्र वारशाने येते. आपल्या शीतगृहांच्या धंद्यात या सगळ्या जातकुळीची माणसे सापडतील. मात्र पहिली किंमत न झेपणारा लहान मालक आणि ती सहज झेपत असूनही केवळ फायलीच्या भयाने कमी दराला कौल देणारी मोठी संस्था, यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिल्याला कर्ज हवे, आणि ते वाचणाऱ्या बिलाच्या भरवशावर मिळायला हवे. दुसऱ्याला फक्त नियम बदलून हवा.

आणि तो नियम कोठून आणायचा, याचा शोध दूर जाऊन घेण्याचे कारण नाही. आपल्या वीज मंडळांनीच रोहित्रांच्या खरेदीत तो कित्येक वर्षे वापरला आहे. रोहित्र हे चोवीस तास थोडी थोडी वीज उष्णतेच्या रूपाने गमावीत असते. म्हणून त्याच्या निविदेत नुसती किंमत पाहत नाहीत; भार नसताना होणारी गळती आणि भारावर होणारी गळती, या दोहोंना किलोवॉटमागे ठरावीक रुपयांचा भाव लावून ती रक्कम किमतीत मिळवितात, आणि या बेरजेत जो सर्वांत कमी येईल तो पसंत करतात. यातली खुबी अशी, की ‘सर्वांत कमी दर’ हे तत्त्व कायम राहते, तुलनात्मक तक्ता कायम राहतो, लेखापरीक्षकाला हवा तो आकडा मिळतो. बदलतो तो फक्त आकड्याचा अर्थ. शीतकरणाच्या निविदेत एवढेच लिहावे, की अमुक उष्णताभाराला, अमुक हवामानात, पूर्ण, निम्म्या आणि पाव भारावर किती किलोवॉट लागतील ते ठेकेदाराने हमीने सांगावे. प्रत्येक किलोवॉटला चालण्याच्या तासांवरून काढलेला भाव लावला जाईल. आणि पुढे मोजणीत वीज अधिक लागली तर त्याच भावाने रक्कम कापून घेतली जाईल. वरच्या उदाहरणात असा भाव लावताच दीड कोटीची निविदा कोणताही खुलासा न लिहिता पहिल्या क्रमांकावर येते. आणि तीच पद्धत तीन महिन्यांच्या प्रकल्पाला लावली तर ती येत नाही, हेही योग्यच.

निव्वळ कमी दराच्या नियमाचा जाच सरकारलाही जाणवू लागला आहे. अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांत बांधकामांसारख्या कामांसाठीही, काही अटींवर, गुणवत्ता आणि दर यांना मिळून गुण देण्याची मुभा दिली. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारत शीतकरण कृती आराखड्यात शीतकरणासाठी लागणारी ऊर्जा २०३७-३८ पर्यंत २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट मोठे आहे, पण ते दिल्लीच्या आराखड्यात गाठले जाणार नाही. ते गाठले जाईल किंवा चुकेल ते जिल्ह्याच्या गावी, एखाद्या दूधसंघाच्या खरेदी समितीत, जेथे निविदेचा नमुना गेल्या वेळच्या फायलीतून जसाच्या तसा उतरवून घेतला जातो. आज उभारलेला प्रकल्प २०३७-३८ सालीही चालूच असणार आहे. त्याची कॉइल नंतर मोठी करता येत नाही, भिंती नंतर जाड करता येत नाहीत.

राहिली ती आजची हजारो चालू शीतगृहे, म्हणजे रेड्डींच्या वर्गवारीतले वारस. त्यांना यंत्र बदला असे सांगण्यात अर्थ नाही. पण त्यांच्याकडेही करण्यासारखे बरेच आहे. अमोनियात शिरलेली हवा वेळच्या वेळी काढणे, कंडेन्सरचे क्षार उतरविणे, कॉइलवरचा बर्फ साचू न देणे, माल भरण्याचा काळ संपला की पंख्यांचा वेग उतरविणे. पंख्याचा वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला तर त्याची वीज जवळजवळ निम्मी होते, हे निसर्गाने दिलेले घसघशीत अनुदान आहे आणि त्यासाठी कोठे अर्ज करावा लागत नाही. यांतले काही होत नाही, कारण झालेला फायदा दिसत नाही. पुष्कळ शीतगृहांत साऱ्या आवाराला मिळून एकच मीटर असतो. कॉम्प्रेसर, पंखे, पाण्याचे पंप, दिवे आणि रखवालदाराची खोली यांचे मिळून एक बिल येते, आणि यंत्र गेल्या वर्षीपेक्षा अधिक वीज खाऊ लागले की पाऊस लांबल्यामुळे बिल वाढले, याचा पत्ता कोणालाच लागत नाही. कॉम्प्रेसरसाठी वेगळा मीटर बसवायला काही हजार रुपये लागतात. त्याचे रोजचे वाचन खोलीच्या तापमानाशेजारी एका वहीत लिहिण्याचे काम ऑपरेटर आजही करू शकतो, आणि ही खरेदी इतकी लहान आहे की तिच्यासाठी तीन दरपत्रकेही मागवावी लागू नयेत.